पहिल्या फोटोतला पांढरा शर्ट

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुमच्या घरी एक नवे मूल राहायला येणार आहे. ते तुमच्यापेक्षा चपळ आहे, देखणे आहे, कधी दमत नाही. घरातली माणसे उठता बसता त्याचेच गुण गातात. इथवर ठीक. पण आता असे समजा, की ते सारे गुणगान एका कागदावर छापून रोज तुमच्याच पाठीवर चिकटवतात आणि सगळे तुम्हाला वळवून वळवून तो कागद वाचतात. कसे वाटेल?

आता डोळे उघडा. मी एक जुना मोबाइल आहे, आणि माझे अगदी असेच झाले.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे धुळीचा कण शिरू नये म्हणून माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेत. एका ताईने श्वास रोखून, चिमट्याने माझ्या कॅमेऱ्याचे भिंग बसवले. तोच माझा डोळा. त्या डोळ्याने मी जगात पहिल्यांदा काय पाहिले असेल? तोंडावर बांधलेले फडके आणि त्याच्यावर दोन दमलेले, पण समाधानी डोळे. नीट बघायला मी तिच्याकडूनच शिकलो, असे मला अजून वाटते.

मग खोके, अंधार, प्रवास. खोके उघडले ते भिंगरीच्या आत्याने.

भिंगरी हे त्या मुलीचे लाडाचे नाव. एका जागी ती कधी ठरतच नाही, म्हणून भिंगरी. तिचे आईबाबा नोकरीसाठी दूर असतात, तेव्हा ती आत्या आणि आजोबांजवळ राहते. आत्या कृत्रिम दात घडवते. दातांच्या दवाखान्यामागे तिची छोटी कार्यशाळा आहे. मित्रांनो, सगळ्यांचे दात सारखे पांढरे नसतात बरे का! कुणाचे दुधासारखे, कुणाचे सायीसारखे, कुणाचे जुन्या कागदासारखे. शेजारच्या दाताशी मिळणारी नेमकी छटा शोधण्यात आत्याचा हात धरणारे कुणी नव्हते.

अशा या शहाण्या आत्याला एकच वेड होते, मोबाइलचे. तिच्यासारख्याच वेड्यांचे एक मंडळ होते. कुणी कुणाला फारसे भेटत नसे, सारे बोलणे पडद्यावर. कुठल्या कंपनीचा कोणता फोन कधी येणार, कुणाची बॅटरी किती टिकते, कुणाची काच पडली तर फुटत नाही, याची चर्चा तिथे अखंड चाले. एक होते मेगापिक्सेल मामा. फोटो कसा आहे हे न बघता ते आधी त्यातले ठिपके मोजत. दुसरा लीकराव. फोन बाजारात येण्याआधीच त्याचे चित्र कुठून तरी पैदा करण्यात त्याचा हातखंडा. तिसऱ्या बॅटरीबाई. त्या घरी कमी आणि भिंतीच्या प्लगजवळ जास्त राहत, असे सगळे म्हणत.

माझ्या काचेवरची पातळ झिल्ली आत्याने या सगळ्यांसमोर, चित्रफीत चालू ठेवून, सावकाश काढली. एकट्याने काढायची नाही, असा मंडळाचा रिवाजच होता. काय कौतुक झाले माझे! "वा ताई, काय चीज आणलीत!" मामा म्हणाले. माझी काच अभिमानाने अशी चमकली, की तिच्यात आत्याला स्वतःचा हसरा चेहरा दिसला.

नंतरची वर्षे मी राबलो. पहाटेचा गजर मी, आजोबांना औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे मोठी करून दाखवणारा मी, भिंगरीच्या गृहपाठाचा फोटो शाळेत पोचवणारा मी. एकदा बादलीत पडलो, दोनदा जिन्यावरून. कोपऱ्याला तडा गेला. पुढे कंपनीने मला नवे काही शिकवणे बंद केले. तरी कुरकुर नव्हती. घरात मी एकटाच होतो ना!

आणि मग त्या नव्याची बातमी आली.

"चित्र फुटलंय! लवकर बघा, नंतर काढून टाकतील," लीकरावाने लिहिले. आत्याने ते चित्र उघडले. कुठे? माझ्याच पडद्यावर! दोन बोटांनी माझ्याच छातीवर त्याचे रूप मोठे करून करून पाहिले. रोज नवी बातमी येई. त्याला तीन डोळे आहेत, तो अंधारातही पाहतो, तो निमिषात पोटभर चार्ज होतो. हे सारे मी माझ्या तोंडाने सांगायचे! माझा नुसता जळफळाट होई. एक दिवस त्याची बातमी उघडताना मी मध्येच अडखळलो. मुद्दाम नाही हं. निदान मला तरी तसे वाटत नाही.

"बघा बाबा," आत्या आजोबांना म्हणाली, "याला आता बातमीसुद्धा उघडत नाही. म्हातारा झाला."

"अगं, म्हातारा मीपण झालोय. मलाही एखादा बदलून आण."

"दुकानात घेतील का तुम्हाला?"

"घेतील की! फक्त माझा चार्जर हरवलाय. हल्ली सकाळी उठतो तोच संपलेला असतो."

भिंगरी खो खो हसली. आत्याही हसली. मीही मनात हसलो आणि त्या वाक्याकडे कुणाचेच लक्ष गेले नाही.

शेवटी तो आला. तीच झिल्ली, तीच चित्रफीत, तेच "वा ताई!" मी पंख्याच्या बटणाखाली, फळीवर पडून सगळे पाहत होतो. दुकानदाराने सांगितले होते, की महिनाअखेरीपर्यंत जुना आणून द्या, नव्यावर सूट मिळेल. म्हणजे मला त्याच्याच पायी घराबाहेर जायचे होते. तोही कसा, तर माझ्याकडे बघतही नव्हता. तीन डोळे असून!

पण मंडळाचा आणखी एक रिवाज होता. तोंडी कौतुकावर तिथे कुणी विश्वास ठेवत नसे. नव्या आणि जुन्या फोनने एकच फोटो काढायचा, नावे न लिहिता 'पहिला' आणि 'दुसरा' म्हणून टाकायचा आणि सगळ्यांनी मत द्यायचे. मला आशा वाटली. म्हटले, होऊन जाऊ दे!

आत्याने आजोबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले. अंगात धुतलेला पांढरा शर्ट. आम्ही दोघे शेजारी शेजारी, पुस्तकांच्या चळतीला टेकून उभे.

"बाबा, हलू नका हं."

"हलायला अंगात जोर कुठाय? जेवणच जात नाही. आणि ही खाज..." आजोबा दंड खाजवत म्हणाले.

"उकाडा आहे, दुसरं काय. पाणी पीत जा. हनुवटी वर करा. हं, असंच!"

मी पाहिले आणि चरकलो. आजोबांचे डोळे पांढरे राहिले नव्हते. हळदीचे बोट फिरवावे तसे ते पिवळे दिसत होते. गालही तसेच. मी होते तसे टिपले. दुसरे मला येतच नाही.

नव्याला मात्र खोक्यातूनच एक सवय लावून पाठवलेले होते. समोर चेहरा दिसला की तो धुऊन पुसून उजळ करायचा. त्याने आजोबांच्या सुरकुत्या मिटवल्या, गाल गुलाबी केले, डोळे पांढरेशुभ्र केले. आजोबा असे दिसू लागले, जणू आताच फिरून आले आहेत आणि पुन्हा फिरायला निघाले आहेत.

फोटो मंडळात गेले आणि माझ्यावर दगडांचा पाऊस पडला.

"दुसराच! काय ते गाल!" बॅटरीबाई म्हणाल्या.

"पहिल्यात भुवईचे केस पुसट आहेत. मोठं करून पाहिलं मी," मामांनी लिहिले.

"पहिल्याचा रंग बघा," लीकराव म्हणाला. "काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात ना? या फोनला कावीळ झालीये!"

सगळे मंडळ हसले. आत्याही हसली. माझ्या तडा गेलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवत म्हणाली, "संपलास रे तू. उद्या दुकानात पोचवते तुला."

मित्रांनो, त्या वेळी मी किती जळलो म्हणून सांगू! खोटे बोलून पहिला नंबर मिळवणारा मुलगा शेजारच्या बाकावर बसलेला असावा आणि तुम्हाला तोंडच नसावे, तसे झाले. मी पिवळा नाही हो, तुमचे बाबा पिवळे आहेत, असे ओरडावेसे वाटत होते. पण आम्हाला ओरडायची मुभा कुणाचा फोन आला तरच. आणि नेमका तेव्हा कुणाचा फोनही येईना.

भिंगरीने मला उचलले. मी उद्या जाणार म्हणून तिला वाईट वाटत असावे. तिने तोच फोटो उघडला आणि कधी नव्हे ती एका जागी उभी राहिली.

"आत्या, याला सगळं पिवळं दिसतं?"

"हो गं. जुना झाला की रंग बिघडतात."

"मग शर्ट पांढरा कसा दिसला?"

"अं?"

"शर्ट बघ. पांढराय. खिडकीचा पडदापण पांढराय. आजोबाच पिवळे आहेत फक्त."

"भिंगरे, मला पांढरं पिवळं शिकवतेस? दिवसभर तेच करते मी."

"मग बघ ना नीट!"

आत्याने हसतच मला हातात घेतले. मग तिचे हसू थांबले. तिने एकदा शर्टाकडे पाहिले, एकदा डोळ्यांकडे, पुन्हा शर्टाकडे. दाताची छटा जुळवताना बघते, तसे पाहिले. तिने मला टेबलावर अक्षरशः टाकले आणि ती खिडकीकडे धावली.

"बाबा, इकडे बघा. उजेडात. अहो, कधीपासून असं आहे हे?"

"काय ते?" आजोबा म्हणाले. "मला माझे डोळे कुठे दिसतात!"

खरे सांगू? त्या क्षणीही माझ्या मनात पहिले आले ते हेच, की मी जिंकलो! मत्सर इतका वाईट असतो बघा. समोर माणूस आजारी आहे आणि आपण आपले गुण मोजतो आहोत.

संध्याकाळच्या आत आजोबा रुग्णालयात होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांची पापणी खाली ओढून पाहिली, पोट दाबून पाहिले आणि तपासणीला पाठवले. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. "आज आलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आत पू झाला असता तर अवघड होतं. खडा काढू आम्ही. कुणाच्या लक्षात आलं?"

आत्याने भिंगरीला पुढे केले. भिंगरीने मला पुढे केले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. बाजारात इतके फोन येतात, पण डॉक्टरीणबाईंनी मान डोलावलेले किती असतील?

खडा निघेपर्यंत आत्या बाकावर बसून होती. मंडळाला तिने एवढेच लिहिले, की पहिला फोटो खरा होता, बाबांना कावीळ आहे. मग मामांचा निरोप आला, "ताई, आजोबा कसे आहेत?" त्यांच्या निरोपात फोनचा विषय नाही, असे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. लीकरावाने नुसते "चुकलो" असे लिहिले. दुकानदाराची मुदत कधी उलटली, ते कुणाच्या ध्यानातही राहिले नाही.

बसल्या बसल्या आत्याने नव्याची ती उजळ करायची सवय शोधून काढली आणि बंद केली. खडा काढल्यावर आजोबांना खाटेवर आणले, तेव्हा तिने पुन्हा त्याच्याकडून फोटो काढून घेतला. मी टपून बसलो होतो. पण त्यानेही आजोबा पिवळेच टिपले, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ टिपले. म्हणजे दोष त्याचा नव्हताच. त्याला तसे शिकवले होते. हे कळल्यावर माझा राग ओसरायला हवा होता. थोडा ओसरला. सगळा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा जुना भाऊ असेल. त्याची काच जपा, त्याला उन्हात टाकू नका, आणि नवा आला म्हणून त्याला हिणवू नका. पण त्याहून मोठे एक मागणे आहे. आम्ही नवे असू की जुने, शेवटी एक काच आहोत. आपल्या माणसाची तब्येत काचेत बघून ठरवू नका.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की पिवळेपणा हळूहळू उतरेल. म्हणून आत्या रोज सकाळी आम्हा दोघांनाही खाटेजवळ घेऊन येई आणि कालच्या फोटोशी आजचा ताडून पाही. आजोबा कुरकुरत, "मी माणूस आहे का तुमच्या मंडळाची परीक्षा?"

एका सकाळी तिने असेच आम्हाला शेजारी शेजारी धरले. मी श्वास रोखला. आज तरी त्याच्याआधी पिवळेपणा उतरलेला मलाच दिसावा, असे मला फार फार वाटत होते.

तेवढ्यात भिंगरी मध्ये आली. तिने एक तळवा माझ्या डोळ्यावर ठेवला आणि दुसरा त्याच्या तिन्ही डोळ्यांवर. "थांब ना आत्या. आधी मी बघते," असे म्हणून तिने आम्हाला खाली ठेवायला लावले, आजोबांची हनुवटी दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवली आणि त्यांच्या डोळ्यांत कितीतरी वेळ, न हलता, बघत राहिली.