पाय वर केलेली भुरी

सागाची एक फळी, चार पट्ट्या, आठ खिळे, एक चीर आणि दीड पसा बारीक धूळ. मित्रांनो, मी एवढीच आहे. मी एक जुनी धूळपाटी आहे.

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या शाळेत मुलांनी माझ्यावर बोटाने अक्षरे गिरवली. गुरुजी माझे फार कौतुक करत. पुढे दगडी पाट्या आल्या आणि मी नऊ वर्षे भिंतीला टेकून राहिले. १९३६ साली अजीजचाचांनी मला मागून नेले. ते कल्हईवाले. तीस वर्षे भांडी ठोकून त्यांचे कान गेले होते. पाच वर्षांच्या पुतणीशी, रजियाशी, बोलायला त्यांना मी हवी होते.

चाचा भट्टीपाशी बसत, रजिया त्यांच्या समोर आणि मी मध्ये. ती माझ्यावर चित्रे काढी, माणसाच्या डोक्यालाच पाय काढी. चाचांना सारे उलटे दिसे, तरी ते हसून मान डोलवत. रजियाला वाटे, आपल्याला दिसते तेच त्यांनाही दिसते.

एका सकाळी तिची आई अमिना तापीवर धुणे धुवायला गेली होती. परसात भुरी शेळीचा दोर लिंबाला गुंडाळला गेला आणि तिच्या मानेला फास बसू लागला. रजिया धावत आली.

"चाचा, भुरीले फास बसी गया."

चाचा परात ठोकत राहिले. रजियाने घाईने माझ्यावर भुरी काढली. दोन शिंगे, चार पाय, मानेपासून झाडापर्यंत दोर.

चाचांना पाय वर दिसले. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"मरी गयी का? रडू नको, बेटा. संध्याकाळे खड्डा करीसन पुरी टाकसूत."

रजियाने धूळ सारखी करून आणखी मोठी भुरी काढली. चाचांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"इतली मोठी नव्हती ती."

परसातले ओरडणे बारीक झाले. रजियाने चाचांच्या डोळ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती उठून त्यांच्या खांद्याशी उभी राहिली आणि तेथून तिने भुरी पाहिली. मग खाली वाकून तिने मला अर्धे फिरवले.

"हाई ते उभी शे," चाचा म्हणाले. मग त्यांना मानेपासून झाडापर्यंतचा दोर दिसला आणि ते विळा घेऊन परसात धावले. दोर तुटला. भुरी दोनदा खोकली आणि चरू लागली.

मित्रांनो, मला नवी धूळ नको, तेलपाणी नको. कोणाला काही दाखवाल, तेव्हा आधी त्याच्या बाजूला जाऊन पाहा.

पुढच्या सात दिवसांत रजियाने चाचांसाठी अकरा चित्रे काढली. दहा वेळा तिने मला फिरवले. अकराव्या वेळी चाचा तिच्या शेजारी बसले होते. तेव्हा फिरवले नाही.