माझी गुरगुर कुणीतरी ऐकली

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या कपाटात भिंतीला टांगलेला पांढऱ्या पत्र्याचा एक डबा, एवढीच माझी ओळख. मी गॅसवर चालणारा जुना बॉयलर आहे. पाणी तापवायचे आणि ते नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवून घर ऊबदार ठेवायचे, हे माझे काम. आमचे घर वेल्समधल्या एका दरीत, डोंगरउतारावरच्या घरांच्या लांबलचक ओळीत आहे. इथे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत माझ्यावाचून कुणाचे चालत नाही.

कारखान्यात मला पेटवून, विझवून, पुन्हा पेटवून पाहिले आणि पाठीवर क्रमांक चिकटवला. चौदा वर्षांपूर्वी आयर्लिस आणि एमलिन या जोडप्याने मला घरी आणले. पहिल्या हिवाळ्यात माझे भारी कौतुक झाले. एमलिन येणाऱ्याजाणाऱ्याला कपाटाचे दार उघडून मला दाखवी. "आवाज येतोय का बघा," म्हणे. "येत नाही ना? तीच तर गंमत आहे."

पुढे सवय झाली. माझ्या कपाटात इस्त्रीचे टेबल आले, झाडू आले, रिकाम्या पिशव्या आल्या. एमलिन वारला. मग वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या डेलिथखेरीज कुणी माझ्याकडे ढुंकून पाहीनासे झाले. मला वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही.

या जानेवारीत मात्र घरात माझीच चर्चा होती. आयर्लिसची मुलगी नेरिस महिनाभर आधीच बाळंत झाली होती. बाळ अगदी चिमुकले. चार आठवडे दवाखान्यात होते. आता त्याला घरी सोडणार होते, पण नर्सने एक अट घातली होती. खोली दिवसरात्र ऊबदार हवी. हे आयर्लिसने मला सांगितले नव्हते. पण तिची फोनवरची सारी बोलणी स्वयंपाकघरातच होत, आणि मला दुसरे काम असले तरी कान मोकळेच असत.

बाळ यायच्या दिवशीच सकाळी मी बंद पडलो.

झाले असे. मी पेटलो की माझ्या पोटात धुरातल्या वाफेचे पाणी होते. ते एका बारीक नळीतून भिंतीपलीकडे गटारात जाते. आदल्या चार दिवसांत असा कडाका पडला होता की नळीतले पाणी तोंडाशीच गोठले. मागचे पाणी उलटे माझ्या पोटात चढू लागले. अशा वेळी मी स्वतःला विझवतो. ती माझी खोड नव्हे, शिस्त आहे. मी लाल दिवा लावला आणि पोटातून गुरगुर करत राहिलो. मला एवढीच भाषा येते.

आयर्लिस झगा गुंडाळून आली. तिने भिंतीवरच्या तापमानाच्या डबीतले सेल बदलले. शेगडी पेटवून पाहिली, गॅस होता. माझ्या पोटाखालचा काटा पाहिला. दाबही ठीक होता. मग तिने माझे बटण दाबले. मी पंखा फिरवला, ठिणगी टाकली आणि पुन्हा विझलो. तिने तीनदा दाबले, मी तीनदा विझलो.

"गेला हा," ती म्हणाली. "चौदा वर्षं झाली, जायचाच. नवाच घ्यावा लागणार."

मी लाल दिवा लावून गुरगुरतच राहिलो.

तेवढ्यात नेरिसचा फोन आला. "आई, दोन वाजता सोडतायत आम्हाला. नर्स विचारतेय, घर गरम आहे ना? नसेल तर आठवडाभर ठेवून घेतील."

आयर्लिसने माझ्या लाल दिव्याकडे पाहिले. "आहे," ती म्हणाली. "ये तू."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि स्वतःशीच बोलली, "एक वाजेपर्यंत बघते. नाहीच जमलं तर फोन करून खरं सांगून टाकते." मग तिने डेलिथला फोन लावला.

डेलिथ डोंगराच्या पलीकडे बर्फात अडकली होती. "परवापर्यंत नाही येता येणार, मावशी. पण त्याचा आवाज कसा येतोय?"

"कसलातरी गुरगुर गुरगुर. पोट बिघडल्यासारखा."

"फोन त्याच्याजवळ धरा बघू."

आयर्लिसने झाडू बाजूला केले आणि फोन माझ्या अंगाला लावला. मित्रांनो, चौदा वर्षांत मला कुणी बोलायला सांगितले नव्हते. मी होती नव्हती तेवढी गुरगुर केली.

"अहो, हा धडधाकट आहे," डेलिथ म्हणाली. "बाहेरची पाण्याची नळी गोठलीय. तिच्यावर कोमट पाणी ओता. उकळतं नको हं, तडकेल ती. आणि आतलं झाकणबिकण काही उघडू नका."

"डेलिथ, ती नळी हेडनच्या अंगणात आहे."

"मग काय झालं?"

काय झाले ते मला ठाऊक होते. शेजारी हेडन प्रॉसर आणि ती चर्चमधल्या एकाच गायकवृंदात होती. ती पियानो वाजवी, तो गाई. सहा वर्षांपूर्वी तिने सरावात सगळ्यांदेखत त्याला सांगितले, तुझा सूर उतरतोय. तो वह्या मिटून उठला तो परत गेलाच नाही. तेव्हापासून रस्त्यात भेटला तरी तिला "तुम्ही" म्हणे. तीस वर्षांच्या शेजारणीला!

ती कोट चढवून बाहेर पडली. माझी धुराची नळी त्याच भिंतीतून जाते, त्यामुळे पलीकडचे मला स्वच्छ ऐकू येते.

"बोला," हेडन म्हणाला.

"माझा बॉयलर बंद पडलाय. त्याची नळी तुझ्या... तुमच्या अंगणात आहे. पाणी ओतायचंय तिच्यावर."

"बंद पडलाय? का सूर उतरलाय त्याचा?"

आयर्लिस म्हणाली, "हेडन, आज दोन वाजता बाळ घरी येतंय."

मग फाटकाची कडी वाजली.

"आज? मला वाटलं पुढच्या आठवड्यात. मग इथं उभी काय राहिलीस? जा, पाणी गरम कर. कुंपणावरून दे मला. तू इकडे येऊ नकोस, बर्फावर घसरशील आणि मग पोरीला कोण घेणार?"

त्याने तिला "तू" म्हटले, हे तिच्याही आधी माझ्या ध्यानात आले असावे.

पहिली केटली झाली, दुसरी झाली. काही नाही. हेडनने आपली गरम पाण्याची रबरी पिशवी आणून नळीच्या वाकणावर बांधली. तिसरी केटली देताना आयर्लिस म्हणाली, "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"उतरत होताच सूर," हेडन म्हणाला. "पण घरी येऊन सांगायचं होतंस. ओत म्हणजे... दे, मी ओततो."

चौथ्या केटलीला नळीच्या तोंडातून बोटभर लांबीचा बर्फाचा तुकडा सुळकन निसटून गटारात पडला. त्यामागून माझ्या पोटातले सगळे पाणी भळाभळा वाहून गेले. मला इतके हलके वाटले की काय सांगू.

"वाहतंय," हेडन ओरडला. "दाब तुझं बटण."

आयर्लिस धावत आली. बटणावर बोट ठेवले आणि क्षणभर दाबलेच नाही. मग दाबले. पंखा फिरला, ठिणगी पडली, ज्योत धरली आणि राहिली. ती माझ्यासमोर उभीच होती. दहा मिनिटांनी तिने रेडिएटरला हात लावला आणि तिथेच जमिनीवर बसून थोडी रडली, थोडी हसली. हेडन दारातून म्हणाला, "चहा टाकतेस का मी टाकू?"

अडीच वाजता नेरिस आली. बाळाचे नाव माब्ली. दुपट्यात गुंडाळलेली, डोक्यावर लोकरी टोपी. घर कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत गरम होते. आयर्लिसने मुलीला सकाळचे खरे सांगितले. नेरिस आधी चिडली आणि मग माझे कपाट उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

परवा डेलिथ येऊन गेली. तिने जाड नळी बसवली, तिच्यावर मऊ वेष्टन चढवले आणि मला अजून काही वर्षे तरी धोका नाही, असे सांगितले.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एवढीच मागणी आहे. घरातले यंत्र बंद पडले की त्याला लगेच मोडीत काढू नका. आधी जाणत्या माणसाला विचारा, आणि त्याने सांगितले तेवढेच करा. वर्षातून एकदा आमचे पोट तपासून घ्या, थंडीआधी बाहेरच्या नळीला पांघरूण घाला. आणि आम्ही गुरगुरलो तर रागावू नका. आम्ही काहीतरी सांगत असतो.

आज सकाळी स्वयंपाकघरात आयर्लिसने माब्लीच्या गालाला हात लावून पाहिला. "उकडतंय गं हिला," ती म्हणाली, आणि तिने टोपी काढली. कपाटाचे दार उघडेच होते, म्हणून मलाही दिसले. बाळाचे केस काळेभोर आहेत.