आत बघून उघड

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने काय काय करायचं याच्या मोजक्या सूचना, ओळीखाली ओळ लिहिलेल्या. एका फोटो स्टुडिओतल्या संगणकावर मी राहते. फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं की मेन्यू उघडतो ना, त्यात माझं नाव आहे: ‘आत बघून उघड’.

मला स्टुडिओच्या काकांनी घडवलं. संशयी स्वभावही त्यांचीच देणगी. फाइलच्या नावामागे एक शेपूट असतं. हा फोटो, हे गाणं, असं ते सांगतं आणि बाकीचे प्रोग्रॅम त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. मी नाही. शेपूट काय, कुणीही चिकटवावं! मी आधी फाइलच्या पोटात डोकावते. फोटो असेल तर फोटोवाल्याला हाक मारते, आवाज असेल तर गाणीवाल्याला. काकांना माझं भारी कौतुक. मेन्यूत त्यांनी मला सगळ्यात वर बसवलं होतं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. स्टुडिओ पुतण्याच्या हातात आला. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. उतावळा गडी! त्याने ‘झटपट’ नावाचा नवा प्रोग्रॅम आणून वर बसवला आणि मला तळाशी ढकललं. झटपट नुसत्या शेपटावर भाळायचा. त्यात पुतण्याची पद्धत अशी, की कॅमेऱ्याचं कार्ड आलं की त्यावरच्या झाडून सगळ्या फाइली संगणकावर उतरवून त्यांना फोटोचं शेपूट लावायचं आणि कार्ड पुसून टाकायचं. मला हे लक्षण बरं दिसत नव्हतं, पण विचारतो कोण?

एका दुपारी काकू जुनं कार्ड घेऊन काकांबरोबर आल्या. काकांच्या कॅमेऱ्यात आवाजही भरता यायचा. ऑपरेशनच्या आधी काकूंनी त्यांचा आवाज त्यात भरून ठेवला होता. पुतण्याने सवयीने शेपूट लावलं, कार्ड पुसलं. झटपटने निकाल दिला: फोटो खराब आहे.

“काकू, यात आवाज नाहीच. एकच फोटो होता, तोही गेलेला.”

“अरे, मी स्वतः भरलाय! नीट बघ ना.”

“बघितलं हो. काढून टाकतो. आणि मेन्यूत खाली हे काय आहे? कुणी टाकलं? व्हायरस असणार. हेही उडवतो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी घाबरले. ती फाइल गेली असती, तर काकांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

तेवढ्यात काका उठले. त्यांनी पुतण्याचा हात बाजूला सारला, फाइलवर उजवं बटण दाबलं आणि थेट माझ्यापाशी आले. मी डोकावले. शेपूट फोटोचं, पोटात आवाज. मी गाणीवाल्याला हाक मारली.

“हं, हनुवटी थोडी खाली. आता हसा बघू. हसण्याचे वेगळे पैसे लावत नाही मी. अगं, झालं का हे सुरू?”

काकूंनी तोंडावर हात धरला. काका ऐकत होते, आणि त्या शब्दांबरोबर त्यांचे ओठ हलत होते.

“काका, परत लावू?” पुतण्याने हळूच विचारलं. काकांनी होकारार्थी मान हलवली.

आता मी पुन्हा वर बसते. पुतण्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही, खरं सांगते. पण मित्रांनो, संशय आला म्हणून काही फेकून देऊ नका. आधी आत बघा. काका रोज दुपारी त्या फाइलवर येतात. मी तिला चांगली ओळखते, तरी दर वेळी पोटात डोकावते. आवाज अजून तिथेच असतो.