बयाबाईची निरगाठ

बयाबाईनं हो म्हटलं होतं, हे तिला स्वतःलाही नाकारता येत नव्हतं. पोर पोटात असताना हो म्हणायला काय जातंय? तिचे आधीचे दोन मुलगे अंगणात खेळत होते. थोरली जाऊ धोंडुबाई लग्नाला चौदा वर्षं होऊनही रिकामीच होती. ती गळ्यात पडून रडली, आणि बयाबाईचं मन पडलं लोण्याचं. "हे तिसरं तुमचंच, आक्का," असं बोलून गेली आणि ते अंगाशी आलं. आता गुंडू पाच महिन्यांचा झाला होता, आईला बघितलं की हातपाय झाडत हसायचा. आणि उद्या सकाळी कोल्हापूरला शाहूपुरीत, थोरल्या दिरांच्या घरी, त्याचं दत्तकविधान होतं.

नवऱ्याला, केरबाला, तिनं विनवून बघितलं. "माजं चुकलं. मला न्हाय देवत त्येला."

"दादाला शबूद दिलाय," केरबा बैलांना वैरण टाकता टाकता म्हणाला. "आन् तुज्याच तोंडानं दिलाय की."

आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या घरची रीत अशी, की दत्तक जाणाऱ्या पोरानं जन्मघरचं सूतसुद्धा अंगावर ठेवायचं नाही. झबलं, टोपडं, करगोटा, सगळं उंबऱ्याशी उतरायचं. हातानं सोडता येतील तर दृष्टीचे काळे मणीसुद्धा. पण मण्यांच्या दोऱ्याला कात्री लावायची नाही. लावली तर पोरावर बेततं, असं घरातल्या बायका मानत. बयाबाईला हे आठवलं आणि बुडत्याला काडी सापडली.

तिचं माहेरही कोल्हापुरातच, सराफांच्या गुजरीजवळ. शेजारी दागिने रेशमात गाठवणारा पटवेकरी राहायचा, त्याच्या पुढ्यात बसून ती लहानपणी गाठी शिकली होती. दुपारी घर निजल्यावर तिनं काळं रेशीम काढलं, मेण लावलं, पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणलं आणि मनगटी गाठवायला घेतली. एक मणी, एक गाठ, मध्ये एक पोवळं. लेकरांच्या मनगटीला सुरगाठ मारतात, म्हणजे मनगट भरलं की दोरा सरकवून सैल करता येतो. बयाबाईनं निरगाठ मारली. झोपलेल्या गुंडूच्या मनगटावर एकीवर एक तीन गाठी मारल्या, दातांनी आवळल्या, वर मेण दाबलं. "सोडवा आता," ती म्हणाली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली. पोरं वाढतात, हे दोन पोरं वाढवलेल्या बाईला कुणी सांगायला हवं होतं काय? पण त्या घडीला तिला एवढंच दिसत होतं, की याच्या अंगावर आपलं काहीतरी राहणार.

आणि राहिलं. भटजींनी गाठ बघितली, आक्कानं नखं लावून बघितली, आणि मनगटी तशीच ठेवून पोराचं नाव नृसिंह ठेवलं. बयाबाई रिकाम्या ओटीनं गारगोटीला आपल्या घरी परतली. तिचं दूध महिनाभर आटलं नाही.

दोन महिन्यांनी थोरले दीर हंबीरराव स्वतः जीप घेऊन दारात आले. "चल, गाडीत बस. पोराचा हात सुजलाय."

शाहूपुरीत आक्का पोराला मांडीवर घेऊन बसली होती. दोरा मांसात रुतला होता आणि बोटं काळीनिळी पडली होती. शेजारी डॉक्टर कात्री घेऊन ताटकळत उभे होते.

"मी लावू दिली न्हाय," आक्का रडत म्हणाली. "काय झालं म्हंजे? एवड्या नवसानं पदरात पडलंय गं. तुजी गाठ हाय, तूच सोड."

बयाबाईच्या तोंडात शिवी आली. द्यायची कुणाला? तिनं नखानं उकलून बघितलं. तिचीच गाठ, पण तिलाही दाद देईना. मग तिनं डॉक्टरांच्या हातातली कात्री घेतली, टोक एका मण्याखाली सरकवलं आणि दोरा कापला.

"बेतलं तर माज्यावर बेतू दे," ती म्हणाली.

पोर कळवळून रडलं. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं, तर ते मागं रेललं आणि आक्काकडं बघून हात पसरून ओरडायला लागलं. बयाबाईनं ते देऊन टाकलं. या खेपेला तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मलमपट्टी करून डॉक्टर गेले. आक्का म्हणाली, "दुसऱ्या हातात एक बांध. सैल बांध." बयाबाईनं कापलेल्या दोऱ्यातनं मणी काढले, नवं रेशीम घेतलं आणि मनगटी गाठवली. बांधायच्या वेळी मात्र ती आक्काच्या हातात दिली.

"तुमी बांदा. सुरगाठ मारा, आन् म्हयन्याला सैल करत जावा."

"मला कुटं येतंय?"

"येतंय. मी सांगतो की."

आक्काची बोटं जाड, दोरा तीनदा निसटला. पोर चुळबुळ करत होतं. बयाबाईचे हात शिवशिवत होते. ते तिनं पदराखाली एकमेकांत धरून ठेवले आणि तोंडानं सांगत राहिली, "आता वरनं घ्या. आता खालनं. आता वडा, हळू."