नव्वद साड्या आणि हाऊजीची पिशवी

आई कॉलेजात ज्यांना शिकवते त्या बीबीएच्या पोरांनी तिची पार पंचाईत केली होती. तिने सांगितलेलं काम साधं होतं. मार्केटातल्या एकेका दुकानात जायचं, नव्वद साड्यांच्या थप्पीतून न निवडता वीस काढायच्या आणि किती खराब निघाल्या ते लिहायचं. अकरा गट गेले. अकराही गट शून्य घेऊन आले!

"सुरतेत साड्या देव विणतो का गं, प्राजू?" आई मला म्हणाली. हसत होती, पण नखं खात होती. कारण विभागप्रमुखांनी बजावलं होतं, सोमवारी अहवालात दम दिसला नाही तर पुढच्या वर्षी संख्याशास्त्र व्हिडिओवरून शिकवू. आई कंत्राटावर आहे. व्हिडिओ आला की आई घरी.

शनिवारी आई स्वतःच मार्केटात बघायला निघाली. शनिवारी माझी शाळा अर्धीच असते, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटत नव्हता. त्या शनिवारी मात्र मी शाळेत आकडे पुकारून अख्ख्या वर्गाची हाऊजी घेतली होती, तीही माइकवर!

दुकान आईच्या विद्यार्थ्याचं, कुंदनचं. "तमे बेसो ने, मॅडम!" म्हणत त्याच्या पप्पांनी, हेमराजकाकांनी, आम्हाला गादीवर बसवलं. कुंदन साड्या काढू लागला. एक उलगडली, झकास. दुसरीची किनार पाहिली आणि गुपचूप परत आत सरकवली.

"ओ कुंदनभाई, ती का ठेवलीत?" मी ओरडलेच.

"डाग आहे तिला. मॅडमना काय डागाची दाखवू? पप्पा धुतील मला!"

काकांनीही मान डोलावली. "आलेल्या माणसाला खराब माल दाखवायचा नसतो, बेटा."

आईने कपाळावर हात मारला. अकराही गटांत दुकानदारांचीच पोरं होती!

मी दप्तरातून हाऊजीची पिशवी काढली. एक ते नव्वद, थप्पीइतकेच आकडे. "वरून मोजायचं. जो आकडा निघेल तीच साडी. सात आणि दोन, बहात्तर!" शेजारच्या दुकानांतले लोकही बघायला जमले. वीस साड्या निघाल्या, त्यांत पाच खराब.

आई आनंदाने लिहीत होती, तोच तिला काकांचा उतरलेला चेहरा दिसला. "दुकानाचं नाव नाही लिहिणार, हेमराजभाई."

काका थप्पीकडे बघत राहिले. "मी माल घेतला तेव्हा मिलवाल्यानेपण मला वरचाच दाखवला होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बेटा, मंगळवारी नवा माल घ्यायचाय. पिशवी घेऊन येशील?"

आईने अहवालात अकरा शून्यं तशीच ठेवली, खाली ती का आली ते लिहिलं आणि शेवटी आमचे विसांत पाच. प्रमुखांनी सोमवारी तो दोनदा वाचला आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तिच्यापुढे सरकवलं. "मॅडम, तुमचे तास तुम्हीच टाका."

आई म्हणते, जास्त भाव खाऊ नकोस. पण मंगळवारी मला मार्केटात घेऊन जायला तिने आत्ताच स्कूटरमध्ये पेट्रोल भरून ठेवलंय.