पाहुणीच्या कपाळावरचं लाल

माझे सासरे व्यंकटराव टांझानियातल्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होते. तिकडून येताना लोक सोनं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे. ह्यांनी हातभर उंचीची लाकडी बाई आणली. काळीकुळकुळीत, पाठीला पोर बांधलेली, ओठ मिटून हसणारी. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आराशीत सासूबाईंनी, म्हणजे यमुनाबाईंनी, तिलाही मांडलं आणि लांबून आलेली सवाष्ण म्हणून हळदीकुंकू लावलं. तेव्हापासून आमच्या मुकुंदवाडीच्या घरात तिचं नाव पाहुणी, आणि जागा देवघराशेजारच्या कोनाड्यात.

सासरे जाऊन सहा वर्षं झाली. आता आरास मी मांडते. हळदीकुंकवाला बायका येतात तेव्हा सासूबाई आत बसून प्रसाद भरतात. आम्ही शिकलेली माणसं, त्यांना कुंकू लावू नका असं कुणीच कधी म्हटलं नाही. फक्त करंडा त्यांच्यापाशी आला की आपोआप पुढं सरकतो.

गेल्या महिन्यात माझ्या नवऱ्याच्या, हिमांशूच्या, डोक्यात खूळ शिरलं. वाळूजहून कंपनीच्या बसनं येताना त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. अशाच एका आफ्रिकन मूर्तीला म्हणे लाखो रुपये मिळाले. झालं. घरी येईपर्यंत त्यानं पाहुणी मनातल्या मनात विकून गच्चीवर खोलीसुद्धा बांधली होती.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांची वस्तू. तू बघ." त्या रात्री त्यांनी अर्धी पोळी ताटात ठेवली. हिमांशूला ती दिसली नाही. मी त्याला दोनदा म्हटलं, राहू दे ना ती. पण एकदा मनावर घेतलं की तो ऐकतोय कुणाचं.

जुन्या वस्तू पारखणाऱ्या राजनंदिनी नावाच्या बाई पुण्याहून वेरूळला आल्या होत्या. रविवारी त्या आमच्याकडे आल्या. हिमांशूनं पाहुणीला टेबलावर ठेवलं. सासूबाई देवघराच्या दाराशी बसल्या. चहा घेतला नाही त्यांनी.

"ह्यातल्या बहुतेक टूरिस्टांसाठी केलेल्या असतात," राजनंदिनी म्हणाल्या. "हलकं लाकूड, वरून काळं बूट पॉलिश." त्यांनी ओला कापूस बुडाशी घासला. कापूस पांढराच राहिला. मूर्ती हातात तोलून त्या म्हणाल्या, "रंगवलेलं नाही. आपल्या शिसवाच्याच जातीचं लाकूड आहे, म्हणून इतकं जड. पटाशीच्या खुणा बघा, हातानंच कोरलंय."

मग भिंग काढून त्या पाहुणीच्या तोंडाशी वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"सर, हिच्यावर तेल, धूर आणि लाल रंगाचे थर आहेत. एकावर एक. शोभेच्या मूर्तीवर असं किटण चढत नाही. ही कुठल्यातरी गावात पूजेत असणार. शोभेची असती तर वीस-पंचवीस हजार. पूजेतली असेल तर लाखात जाईल."

हिमांशूनं माझ्याकडं पाहिलं. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. पण खोटेपणा मला सहन होत नाही, आणि खरं सांगायचं तर ही बाई घरातून जावी असंही वाटत नव्हतं.

"ते कुंकू आहे," मी म्हणाले. "महालक्ष्म्यांना लावतो आम्ही. वर्षातनं एकदा."

राजनंदिनींनी नवा कापूस घेतला आणि पाहुणीचं कपाळ पुसलं. कापूस लालभडक झाला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"वर्षातून एकदा? आता मार्च आहे. हे खोबरेल अजून ओलं आहे, आज सकाळचं असणार." त्यांचा आवाज बदलला. "सर, मूर्ती जुनी वाटावी म्हणून लोक असं करतात. मला हे नवीन नाही."

हिमांशूचा चेहरा पडला. लोभी असेल, पण लबाड नाही तो. "मॅडम, आईशपथ, मी हातसुद्धा लावला नाही." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मीही नाही म्हणून मान हलवली.

"मी लावते," देवघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

"तू? कशाला?"

"रोज लावते, आंघोळ झाली की. तुझे बाबा गेल्यापासून." त्या हिमांशूकडं नाही, पाहुणीकडं बघत होत्या. "इतक्या वर्षांची सवय रे. सकाळी बोट करंड्यात जातंच. मग ते न्यावं कुठं? नेते तिच्याकडं."

सहा वर्षं एका घरात राहून जे मला दिसलं नाही, ते एका परक्या बाईच्या भिंगाला दिसलं. आणि करंडा पुढं सरकवणाऱ्यांत मीही होते.

राजनंदिनींनी भिंग पर्समध्ये टाकलं. "माझ्याकडून चुकून बोललं गेलं, काकू," त्या म्हणाल्या. मग हिमांशूला विचारलं, "विकायची आहे का?"

"नाही," हिमांशू म्हणाला. पाहुणीला उचलून त्यानं तिच्या कोनाड्यात ठेवलं.

त्या गेल्यावर मी देवघरातून करंडा आणला आणि बोट बुडवून सासूबाईंच्या कपाळाकडं नेलं. त्यांनी तोंड मागं घेतलं. रागानं नाही.

"आता मला नको गं. माझ्या कपाळावरचं मला कुठं दिसत होतं? तिच्यावरचं दिसतं." मग त्या म्हणाल्या, "बाईंनी सगळं पुसून टाकलंय बघ. तेवढं लाव तिला."

मी लावलं.