नणंदेचं लिव्हर

नणंदेने आपल्या लिव्हरचा तुकडा भावजयीला दिला खरा, पण हातातून सोडला मात्र नाही. सकाळी पडद्यांच्या दुकानाचं शटर वर गेलं की ती विचारायची, "माझं कसं आहे आज?" भावजयीची तब्येत त्यात येऊन जायचीच, मग वेगळी कशाला विचारायची?

दुकान खरं तर भावजयीचं. पडदे बेतायचे, चुण्या घालायच्या, अस्तर लावायचं, सगळं तिच्या हातचं. ऑपरेशननंतर नणंद मदतीला म्हणून आली आणि गल्ल्यावर बसली ती बसलीच. लोक बोट दिलं की हात धरतात. हिने लिव्हर दिलं आणि दुकान धरलं. नवरा थोरल्या बहिणीपुढे मूग गिळून असायचा. भावजय काय बोलणार? जिने आपल्यासाठी पोट फाडून घेतलं, तिला उलटून बोलायला तोंड कुठून आणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गोळ्यांचा डबाही नणंदेकडेच. अंगाने नवं लिव्हर परकं म्हणून झिडकारू नये, यासाठी एक गोळी होती. ती नणंद न चुकता तळहातावर ठेवायची, कारण झिडकारलं तर अपमान तिचा होता. दुसरी स्टेरॉइडची. ती जुन्या आजारासाठी, हे कळल्यावर तिचं डोकं चाललं.

"आजार तुझ्या लिव्हरचा होता. ते काढून टाकलं," ती म्हणाली. "माझ्या लिव्हरने उभ्या जन्मात डोकेदुखीची गोळी पाहिली नाही. त्याच्यावर हे विष कशाला?"

आधी अर्धी झाली, मग बंद. नवरा तिथेच पडद्यांच्या रिंगा मोजत होता. त्याने मान वर केली नाही. भावजयीला भीती वाटली, पण फुगलेला चेहरा उतरू लागला तेव्हा बरंही वाटलं. तेही खोटं का सांगा.

मग अंगाला खाज सुटली. पांढरं अस्तर मशीनवर घेतलं की समोरच्या आरशात डोळे पिवळे दिसायचे. नणंद म्हणाली, दिव्याचा उजेडच तसा आहे. अंगातलं त्राण गेलं, कात्री हातात ठरेना, तेव्हा कुठे तिघं इस्पितळात गेली. लिव्हरचा कण काढून तपासला. डॉक्टरांनी सांगितलं, जुना आजार परत आलाय. मुळात तो लिव्हरमध्ये नव्हताच. शरीराची राखण करणारी शक्तीच लिव्हरवर उलटते. लिव्हर बदललं तरी ती तीच राहते. म्हणून तर ती दुसरी गोळी.

"स्टेरॉइड रोज घेत होतात ना?"

नणंद शेजारीच बसली होती. नवरा फरशीकडे बघत होता. खरं सांगितलं तर नातेवाईक काय म्हणतील, हे भावजयीला पाठ होतं: जीव वाचवणारीवरच उलटली, कृतघ्न मेली.

"मीच विसरत होते," ती म्हणाली.

"सांगून सांगून थकले मी, डॉक्टर," नणंद म्हणाली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

डॉक्टरांनी फाइलमध्ये तसं लिहून घेतलं. गोळ्या जोरात सुरू करू, म्हणाले, पण फार उशीर झालाय. बहुतेक पुन्हा लिव्हर बदलावं लागेल. आणि स्पष्टच सांगतो, जो पेशंट आपणहून औषध सोडतो, त्याला दुसरं लिव्हर मिळणं कठीण. रांगेत माणसं खूप आहेत.

नणंदेने पदर सावरला. "बरोबरच आहे. माझं तर मातीत गेलंच. आणखी कुणाचं कशाला?"

तेव्हा कुठे भावजयीची भीड मेली. "डॉक्टर, मी विसरले नाही. गोळी ताईंनी बंद केली. मी मघाशी खोटं बोलले." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही होतात तिथे. सांगा ना."

नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग अगदी मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"हल्ली तिला काही आठवत नाही, डॉक्टर. काहीही बोलते."

डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली. लिव्हर बिघडलं की होतं असं, म्हणाले.